दिवसाला पंचवीस ग्रॅम

जन्माला आलेलं बाळ आधी चक्क उतरतं! पहिल्या चार-पाच दिवसांत त्याचं वजन 7-8 टक्क्यांनी घटू शकतं, कारण अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं. दुसऱ्या आठवड्यात ते जन्मवजनावर परत येतं. पुढे पहिले तीन महिने रोज 20 ते 30 ग्रॅम भरतात, पाचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. जन्मानंतर माणूस पुन्हा कधीच इतक्या वेगाने वाढत नाही.

हे घडतं कशाच्या जोरावर? पाजताना जवळून बघा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी आईच्या अंगाला टेकलेली, गाल भरलेले. जिभेचा मागचा भाग खाली गेला की तोंडात पोकळी तयार होते आणि दूध ओढलं जातं. चोखणं, गिळणं, श्वास घेणं, तिन्ही एका तालात! हा ताल पोटात असतानाच घडत जातो, 34 आठवड्यांच्या आसपास जुळतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला म्हणूनच आईचं दूध काढून नळीने, मग वाटी-चमच्याने पाजतात.

वजन अडलं की घरात पहिला ठपका आईच्या दुधावर येतो. मला हे फार खुपतं. पुष्कळदा बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र असतं, भोवतालचा काळा भाग बाहेरच राहतो. बाळ चोखून दमतं आणि अर्धपोटी झोपतं. धरण्याची पद्धत बदलली की काटा हलायला लागतो.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1995 पासून 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. आज आमच्या वर्धा जिल्ह्यातही, सेलू असो की हिंगणघाट, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई 42 दिवसांत सहा फेऱ्या मारते, झोळीत ठेवून वजन करते.

सहा महिन्यांनी उष्टावण होतं, तेव्हा वरणाचं नुसतं पाणी पाजू नका. इवल्या पोटात पाणीच भरतं. वरण-भात घट्ट कालवा, वर थोडं तेल किंवा तूप घाला.

आणि वजन अडलं तर डब्याचं दूध आणण्याआधी पाजणं आशाताईला दाखवा. पिताना बाळाला घाम फुटत असेल, धाप लागत असेल, तर वाट न बघता सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.