सच्छिद्र कार्बन आधारक

धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेल्या स्थितीत धरून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, असंख्य छिद्रांनी युक्त अशा कार्बनला सच्छिद्र कार्बन आधारक असे म्हणतात. प्लॅटिनम, पॅलेडियम इत्यादी मौल्यवान धातूंचे उत्प्रेरक बनवताना त्याचा उपयोग होतो.

आवश्यकता

उत्प्रेरणाची क्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडते. कणाच्या आतील अणू त्यात थेट भाग घेत नाहीत. प्लॅटिनमच्या २ नॅनोमीटर व्यासाच्या कणात सुमारे निम्मे अणू पृष्ठभागावर असतात. कण मोठा झाल्यास हे प्रमाण घटते व महागडा धातू वाया जातो. तापमान वाढले की सुटे कण एकत्र येऊन मोठे होतात. आधारकामुळे या प्रवृत्तीस आळा बसतो.

निर्मिती

सक्रियीकरण : नारळाची करवंटी किंवा लाकूड हवेच्या अभावी तापवून कोळसा तयार करतात. त्यावर ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानास वाफ सोडली असता काही कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि छिद्रे निर्माण होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून तयार केलेल्या काही प्रकारांचे पृष्ठफळ दर ग्रॅमला ३,००० चौरस मीटरपर्यंत आढळते.

साचा पद्धती : १९९९ मध्ये दक्षिण कोरियातील रसायनशास्त्रज्ञ र्‍योंग र्‍यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सच्छिद्र सिलिकेत साखर व सल्फ्युरिक आम्ल भरून ते तापवले. नंतर सिलिका विरघळवून काढल्यावर नियमित रचनेची छिद्रे असलेला कार्बन मागे उरला. त्यास सीएमके-१ असे नाव देण्यात आले.

छिद्रांचा आकार

२ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांमुळे पृष्ठफळ वाढते. परंतु मोठे रेणू त्यांत शिरू शकत नाहीत आणि तेथील धातू निरुपयोगी ठरतो. २ ते ५० नॅनोमीटरच्या मध्यम छिद्रांतून रेणूंची ये-जा सुलभ होते. म्हणून केवळ पृष्ठफळावरून आधारकाची गुणवत्ता ठरत नाही.

धातूची स्थापना

कार्बनचा पृष्ठभाग नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकृत केल्यास तो पाण्याने सहज भिजतो. त्यात धातूच्या क्षाराचे द्रावण मुरवून तो वाळवतात व हायड्रोजनच्या प्रवाहात तापवतात. त्यामुळे क्षाराचे क्षपण होऊन धातूचे कण तयार होतात.

मर्यादा

कार्बन ज्वलनशील असल्याने ऑक्सिजनयुक्त वातावरणातील उच्च तापमानाच्या अभिक्रियांत हा आधारक टिकत नाही. मात्र याच गुणधर्मामुळे निकामी उत्प्रेरक जाळून राखेतून मौल्यवान धातू परत मिळवता येतो.