कच्च्या छायाचित्राचे संस्कार : आधीं काय, मागाहून काय?

कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाईल म्हणजे सिद्ध चित्र नव्हे; ती प्रकाशाची कच्ची नोंद होय. १४ बिटांच्या अशा नोंदींत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमींच्या जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या अवघ्या २५६. म्हणून मोठे फेरफार रॉ फाईलींतच करावे.

दिवंगत पत्नीच्या अखेरच्या छायाचित्रावर मीं आरंभींच शार्पनिंग केलें. त्यानें मंद उजेडांतले रंगीत कण तिच्या गालांवर अधिकच ठळक झाले. कारण मुखाची रेषा कोणती आणि कण कोणता, हा भेद त्या क्रियेस कळत नाहीं.

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम रंगांचा तोल, मग उजेड; रंग चुकला तर उजेडाचा अंदाजहि चुकतो. छाया उजळतांच कण वर येतात, म्हणून त्यांचें शमन त्यानंतर. पुढें चेहऱ्यासारख्या एकेका भागाची दुरुस्ती, मग कातरणी. आणि शार्पनिंग सर्वांत शेवटीं, छापावयाच्या आकारास अनुसरून.

सुदैवानें मूळ फाईल अबाधित राहते. त्यामुळेंच मला पुनश्च आरंभ करतां आला. आज तो चेहरा निर्मळ होऊन आमच्या दिवाणखान्यांत आहे.