आयर्लंडचे लोकखेळ : लेखांक ६ – मिक ओकॉनेल आणि बिनपगारी खेळाचे जीवन

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडमधील सर्वाधिक लोकप्रिय खेळांपैकी एक असूनही त्यात खेळाडूला वेतन मिळत नाही. १८८४ साली थर्ल्स येथे स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने हे हौशी स्वरूप आजही टिकवले असून, खेळाडू जन्मगावच्या किंवा राहत्या गावच्या क्लबकडून आणि त्यातून निवड झाल्यास आपल्या काउंटीकडून, म्हणजे परगण्याकडून, खेळतो. या व्यवस्थेत खेळाडूचा चरितार्थ, त्याचे गाव आणि त्याचा खेळ यांचा परस्परसंबंध कसा राहतो, हे केरी काउंटीच्या मिक ओकॉनेल यांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

१९३७ साली जन्मलेले ओकॉनेल आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील व्हॅलेन्शिया बेटावर वाढले. अटलांटिक महासागराच्या तळातून युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी तारवाहिनी याच बेटावरून गेली होती, आणि तेथील तारकेंद्र १९६६ साली बंद होईपर्यंत बेटावरील अनेक कुटुंबांचा आधार होते. ओकॉनेल यांनीही तेथेच नोकरी केली. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल १९७० च्या सुमारास झाला. तोपर्यंत काउंटी संघाच्या सरावासाठी त्यांना आधी नाव वल्हवत खाडी ओलांडावी लागे, मग सुमारे ६५ किलोमीटर दूर असलेल्या किलार्नीपर्यंतचा रस्ता कापावा लागे, आणि सराव आटोपल्यावर तितकाच प्रवास उलट दिशेने होई.

या खेळात प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. गोलखांब इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे असून, आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेल्यास गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून गेल्यास सामान्यतः एक गुण मिळतो. चेंडू हातात घेऊन चार पावलांहून अधिक धावता येत नाही; पुढे जायचे तर तो जमिनीवर आपटून किंवा पायाने वर उडवून पुन्हा झेलावा लागतो. ओकॉनेल मध्यफळीत खेळत, आणि त्या काळी मध्यफळीच्या खेळाडूचे खरे काम गोलरक्षकाने दूरवर लाथाडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीत उंच उडी घेऊन झेलणे हे होते. तो झेल, तसेच दोन्ही पायांनी मारलेली अचूक लाथ, ही त्यांची कमाई होती, आणि तिच्यामागे बेटावर एकट्याने केलेला दीर्घ सराव होता.

केरीतील प्रथेनुसार काउंटीची स्थानिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला पुढील वर्षीचा कर्णधार सुचवण्याचा मान मिळत असे, आणि त्यामुळे ओकॉनेल यांच्या दक्षिण केरी संघाच्या विजयानंतर १९५९ साली हे पद त्यांच्याकडे आले. त्या वर्षी केरीने डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गॉलवेचा पराभव करून सॅम मग्वायर चषक, म्हणजे अखिल आयर्लंड अजिंक्यपद, जिंकला. विजयोत्सव टाळून कर्णधार त्याच संध्याकाळी बेटाकडे परतला आणि चषक मागेच राहिला, ही कथा केरीत इतक्या वेळा सांगितली जाते की त्यांच्या खेळाची चर्चा तिच्याखाली झाकोळून जाते. त्यात गर्व शोधणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीची नोकरी आणि खाडीपलीकडचे घर यांचा विचार केलेला दिसत नाही. १९६२ चा विजय रॉसकॉमनविरुद्ध मिळाला, आणि तो आयरिश दूरचित्रवाणीने थेट दाखवलेला पहिला फुटबॉल अंतिम सामना होता. पुढे १९६९ आणि १९७० सालीही त्यांनी हे अजिंक्यपद मिळवले. १९७० चा सामना तर साठऐवजी ऐंशी मिनिटांचा झालेला पहिला अंतिम सामना होता. १९६२ आणि १९६९ यांच्या मधली वर्षे मात्र कठीण गेली. १९६४ आणि १९६५ साली गॉलवेने, तर १९६८ साली डाउनने केरीला अंतिम सामन्यात हरवले.

व्यावसायिक खेळाडूची निवृत्ती म्हणजे उत्पन्नाचा अंत असतो. ओकॉनेल यांच्या बाबतीत असे काही घडले नाही, कारण त्यांचे उत्पन्न खेळावर कधी अवलंबूनच नव्हते. १९७४ साली ‘अ केरी फुटबॉलर’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यानंतर ते केरी काउंटी कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेवर, अपक्ष म्हणून निवडून आले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांसाठीही त्यांनी दीर्घकाळ काम केले, आणि क्रीडालेखनाने या कामाची दखल फारच थोडी घेतली आहे. १९९९ साली निवडलेल्या, सर्वकालीन श्रेष्ठ गेलिक फुटबॉलपटूंच्या ‘सहस्रकाच्या संघात’ मध्यफळीतील दोन जागांपैकी एक त्यांना मिळाली, तर दुसरी लीश काउंटीच्या टॉमी मर्फी यांना.