पाण्याखालच्या गावातला पणजोबा

‘आमचं मूळ गाव धरणात गेलं.’ पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या रस्त्यावर, पिरंगुटच्या नव्या सोसायट्यांत आणि मुंबईच्या गिरणगावातल्या उरल्यासुरल्या चाळींतही हे वाक्य ऐकायला मिळते. गाव कोणते, हे बहुतेकांना सांगता येते. पण तिथे आपले कोण होते, त्याची खाचरे किती, तो तिथून उठून कुठे गेला आणि कुठे मेला, हे विचारले की घरातले सगळ्यांत म्हातारे माणूस आढ्याकडे बघू लागते. पणजोबाचे नाव आठवते. त्यापलीकडे धुके.

असा माणूस कागदांतून शोधता येतो का, हा या लेखाचा विषय. तो शोध इथे कठीण का, हे समजण्यासाठी आधी थोडे लांब जाऊन येऊ. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कमधून अमेरिकेला गेलेल्या शेतमजुराचा पणतू आज आपल्या पूर्वजाचा माग काढायला बसतो, तेव्हा त्याच्या हाताशी चर्चच्या नोंदवह्या असतात. त्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन सारे आहे. शिवाय कोपनहेगनच्या पोलिसांनी १८६९ पासून देश सोडणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या. मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी माणसाचेही तसेच. त्याला तिथे उतरल्यावर एक क्रमांक मिळाला, आणि बापाचे नाव, जात, गाव, जहाज हे सारे रजिस्टरात चढले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती दफ्तरे जपली आहेत. तिथले मराठी लोक त्या क्रमांकावरून रत्नागिरी-साताऱ्याकडच्या गावांपर्यंत येऊन पोहोचतात.

मुळशीहून परळला जाणाऱ्याने कुठलीच सरहद्द ओलांडली नाही. जहाज नाही, क्रमांक नाही, पोलिसांची यादी नाही. समुद्रापार गेलेला सापडतो आणि घाट उतरून गेलेला हरवतो, असा हा उफराटा प्रकार आहे.

मुळशीची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच, म्हणून थोडक्यात. मुळा नदीवर बांध घालून ते पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्यावर वीज काढून मुंबईला द्यायची, ही टाटा कंपनीची योजना. त्यासाठी मावळातली पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. १९२४ च्या अखेरीस लढा संपला, धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. ज्या गिरण्यांना ही वीज गेली, त्याच गिरण्यांच्या दारात मावळातली माणसे बदली कामगार म्हणून उभी राहिली.

आता शोधाची वाट. कचेरीत जाण्याआधी घर धुंडाळावे. पत्र्याच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या पावत्या, मुद्रांकावरचे दस्त, मनीऑर्डरच्या पावतीचे तुकडे, शाळेचा दाखला निघतो. दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख कोणी मनावर घेऊ नये. ती बहुधा मास्तरांनी ठरवलेली असते. खाली जन्मगाव काय लिहिले आहे ते मात्र नीट पाहावे. त्याहून उपयोगी असते ते कागदावर नसलेले. वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला घालतात, हे घरातल्या बायकांना पाठ असते. साल कोणालाच ठाऊक नसते. पण ‘मानमोडीत गेला’ असे कोणी म्हणाले, की ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ‘पिलेगात गेली’ म्हटले की १८९६ नंतरची काही वर्षे. त्या वर्षांची जुनी पंचांगे काढून तिथीची इंग्रजी तारीख काढायची आणि ती घेऊन गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीकडे, म्हणजे गाव नमुना १४ कडे, जायचे. कोतवाल बुक म्हणतात ते हेच. एका दिवसाच्या फरकाने नोंद सापडू शकते, कारण कोतवालाने कळवलेला दिवस आणि घरात पाळलेली तिथी नेहमी जुळतेच असे नाही.

पुढची अडचण नावाची. जुन्या कागदांत माणूस ‘अमका बिन तमका’ असा येतो. ‘बिन’ म्हणजे मुलगा. आडनाव असेलच असे नाही. असले तरी एका कागदात कुळाचे, दुसऱ्यात गावावरून पडलेले, तिसऱ्यात नुसतेच ‘पाटील’. डेन्मार्कच्या लोकांचीही हीच रड आहे. तिथे येन्सचा मुलगा येन्सेन आणि त्याचा मुलगा बापाच्या नावावरून आणखी काही, असे पिढीगणिक आडनाव बदलत होते. एकोणिसाव्या शतकात सरकारने ते थांबवायला लावले. आपल्याकडे ‘बिन’चा फायदा असा, की प्रत्येक कागद दोन पिढ्या देतो. एकाचा ‘तमका’ तोच दुसऱ्या जुन्या कागदातला ‘अमका’ निघाला, की साखळीची एक कडी बसली. बाईचे नाव ‘कोम’ने नवऱ्याला जोडलेले असते आणि तिच्या बापाचा पत्ता तिथेच तुटतो. विधवा म्हणून वारसनोंदीत ती आली तर आली. पणजी शोधणे पणजोबा शोधण्यापेक्षा दसपट अवघड आहे, आणि वंशावळी लिहिणारे बहुतेक लोक तो खटाटोप करीत नाहीत.

जमिनीचा कागद हा या शोधाचा कणा. इंग्रजी मोजणीनंतरचे आकारबंद, शेतवार पत्रके, मग १९०३ च्या कायद्याने आलेली हक्कनोंदणी आणि तिची फेरफार वही, हा क्रम डोक्यात ठेवावा. सातबारा त्यानंतरचा. धरणासाठी जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली, म्हणून सरकारी गॅझेटातली अधिसूचना, भूसंपादनाचा निवाडा आणि कमी-जास्त पत्रक या तिन्हींत सर्व्हे नंबर यायला हवा. गाव पाण्याखाली गेले तरी सर्व्हे नंबर पाण्याखाली जात नाही. पौडची तहसील कचेरी, भूमी अभिलेख खाते, पुण्याचे पुराभिलेखागार आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्याचे पुराभिलेखागार, ही फिरण्याची ठिकाणे.

मात्र इथेच अनेकांची निराशा होते. निवाड्यात पणजोबाचे नावच नसते. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जे संशोधन केले, त्यात याचे कारण सापडते. खोऱ्यातली बरीच जमीन कर्जापायी सावकारांकडे गेलेली होती. मालकी त्यांची, नांगर मावळ्याचा. नुकसानभरपाई मालकाला मिळणार होती, त्यामुळे सावकार-जमीनदार मंडळी मोबदल्याला राजी झाली आणि कसणारा रस्त्यावर आला. तेव्हा निवाड्यात नाव नाही म्हणून ‘आपले तिथे काही नव्हतेच’ असा निष्कर्ष काढणारा नातू पणजोबाला दुसऱ्यांदा बेदखल करतो.

अशा कुळाला शोधायचे तर कर्जाच्या कागदांत. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांत शेतकऱ्याने करून दिलेला रोखा गावनिबंधकापुढे व्हावा, अशी तरतूद त्यात होती. हेतू फसवणूक टाळण्याचा. पण त्यामुळे अंगठ्याच्या ठशापलीकडे काही न उमटवलेल्या माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, वय सरकारी कागदावर आले. पुढच्या काळातले गहाणखत, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. तिथे सूची क्रमांक १ माणसाच्या नावावरून आणि सूची क्रमांक २ मिळकतीवरून लावलेली असते. पणजोबाचे नाव नक्की नसेल तर दुसऱ्या सूचीने जावे. सत्याग्रहात कोणी तुरुंगात गेल्याची आठवण घरात असेल, तर ‘केसरी’च्या त्या वर्षांच्या फायलीही चाळाव्यात.

हे सगळे मोडीत. १९१७ मध्ये मुंबई सरकारने मोडीऐवजी बाळबोध आणायचे ठरवले, तरी हात लगेच बदलत नाहीत. जाणत्याकडून वाचून घेण्यापेक्षा आपल्या गावाचे नाव, कुळाचे नाव आणि ‘बिन’ एवढी तीन रूपे मोडीत ओळखायला शिकावे. पाने उलटण्याचे काम त्यावर भागते. सनांचा गोंधळ निराळा. शके असेल तर ७८ मिळवायचे, दख्खनी फसली असेल तर ५९०. फसली साल मृगाला पालटते, तेव्हा एखाद्या वर्षाचा फरक धरून चालावे.

गेल्या काही वर्षांत या खोल्यांतली शांतता गेली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला गावेच्या गावे अभिलेख कक्षांच्या दारात आली. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा आजोबा-पणजोबांचे कागद हा आता फुरसतीचा छंद राहिलेला नाही, मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न झाला आहे. म्हणूनच सांगावेसे वाटते, की एका गावात एकाच नावाचे चार जण असतात. नाव, बाप, सर्व्हे नंबर आणि शेजारचा चतुःसीमेचा माणूस, यांपैकी तीन तरी जुळल्याशिवाय पणजोबा आपला म्हणू नये. परक्याच्या नोंदीवर बांधलेली वंशावळ पडताळणीत कोसळते, आणि खऱ्या पणजोबाचा शोधही तिथेच थांबतो.

मुंबईत गेलेल्याचा माग पुन्हा निराळ्या कागदांत. गिरणीची जुनी पास-तिकिटे, महापालिकेची मृत्युनोंद, शाळेची जनरल रजिस्टरे. मुळशी-मावळातली पुष्कळ माणसे डबेवाल्यांच्या धंद्यात शिरली. तिथे कागद कमी, पण गावकीची ओळख पक्की. कोण कोणाच्या गाळ्यावर उतरला, कोणी कोणाला धंद्यात घेतले, हे जुन्या माणसांना विचारता येते, आणि हे विचारणे या वर्षीच करावे.

शेवटी त्र्यंबकेश्वर-नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन वंशावळ म्हणतो; पुण्याकडच्या माणसाने उपाध्याकडे जायचे. तिथल्या वह्या गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात. अस्थी घेऊन आलेल्याने बापाचे, आजाचे, चुलत्यांचे नाव सांगायचे आणि उपाध्याने ते लिहून घ्यायचे, ही रीत. लालबागला दोन पिढ्या काढलेले कुटुंबही तिथे गेले, की उपाध्या पहिला प्रश्न गावाचा विचारतो. ‘मुंबई’ सांगून पान निघत नाही. पाण्याखाली गेलेल्या गावाचेच नाव घ्यावे लागते.