रोशा गवत बियांपासून कसं वाढवाल?

चाकणजवळच्या टेकडीवर पुरुषभर उंचीचं, लालसर तुऱ्यांचं गवत दिसलं. पान चुरगाळलं, तर गुलाबासारखा वास. रोशाच तो!

हे आपलं देशी बहुवर्षायू गवत. पूर्वी खानदेशातलं रोशा तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानला जाई, गुलाबाच्या अत्तरात भेसळीला!

तुरे वाळले की बी झाडून घ्या. ताजं बी सहसा उगवत नाही, त्याला सुप्तावस्था असते. उन्हाळ्यापर्यंत कोरडं ठेवा.

मे-जूनमध्ये वाळूत मिसळून गादीवाफ्यावर पेरा. बी फार बारीक असतं, खोल गाडू नका. पाणी झारीनेच.

महिना-सव्वा महिन्याने, चांगला पाऊस झाल्यावर रोपं लावा. जागा उन्हाची, निचऱ्याची हवी. कुंपणालगतची मुरमाड पट्टीही चालेल. हौसेच्या लॉनपेक्षा हे कधीही बरं.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.