जोर जातो कुठे?

जुना जालन्यातल्या बहुतेक मोठ्या गॅरेजांत आणि लेथच्या दुकानांत मागच्या भिंतीशी एक लोखंडी चौकट उभी असते. दोन उभे चॅनेल, वर आडवा बीम, बीमखाली जॅक, मध्ये पिनांवर बसलेलं टेबल आणि बाजूला एक लांब हँडल. लेथ फिरताना दिसतो, ग्राइंडर ठिणग्या उडवतो, वेल्डिंगकडे नुसत्या डोळ्यांनी बघवत नाही. ही चौकट मात्र गप्प असते. हिला मिस्त्री नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. दुकानातल्या सगळ्या यंत्रांत जास्तीत जास्त जोर हिच्याकडे, आणि सगळ्यांत कमी धाकही हिचाच. ती सावकाश चालते, आवाज करत नाही, हँडल सोडलं की थांबते. त्यामुळे माणसाला वाटतं की ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. प्रेसवर होणाऱ्या बहुतेक दुखापतींच्या मुळाशी मला हाच समज दिसतो.

जालन्याला दाबाचं काम नवं नाही. १९००च्या सुमाराला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली, तेव्हा निजामाच्या राज्यातलं हे गाव कापसाचा बाजार होतं. कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटायचा, मग प्रेसिंगमध्ये दाबून त्याच्या गाठी बांधल्या जायच्या. आजही आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची धरतात. पुढे जालना लोखंडाचं गाव झालं. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत देशभरातलं भंगार येतं आणि त्यातून बांधकामाच्या सळया निघतात. सैल भंगार भट्टीत घालायचं तर तेही आधी दाबून त्याचे गठ्ठे करावे लागतात. सळया वाहणाऱ्या ट्रकांचे किंगपिनचे बुश झिजतात, रोलिंग मिलच्या शाफ्टांची बेअरिंग जातात, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत चिखल शिरतो, उन्हाळा आला की रसवंतीच्या चरकाचं बेअरिंग ओरडायला लागतं. ही सगळी कामं शेवटी त्या मागच्या चौकटीखाली येतात.

तिच्यातला जोर कसा तयार होतो ते आकड्यांत पाहिलेलं बरं. समजा, पंपाचा दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि खाली उतरणारा रॅम ६० मिलिमीटरचा. व्यास सहापट, म्हणजे क्षेत्रफळ छत्तीसपट. हँडलवर माणसाने ३० किलोचा जोर लावला आणि तरफेने तो अठरापट केला, तर दट्ट्यावर ५४० किलो येतात. तेलातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. म्हणून रॅमखाली त्याचे छत्तीसपट, सुमारे साडेएकोणीस टन, उभे राहतात. मोबदला प्रवासात द्यावा लागतो. रॅम एक मिलिमीटर उतरवायचा तर दट्ट्याला ३६ मिलिमीटर चालावं लागतं, म्हणून ते हँडल पुन्हा पुन्हा मारणं. या वेळी तेलात दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ६९० किलोचा दाब असतो. मोटारीच्या टायरात तो दोन-सव्वादोन असतो.

हे साडेएकोणीस टन जमिनीवर जात नाहीत. नवशिक्याला ही गोष्ट समजावून सांगावीच लागते. जमिनीवर येतं ते फक्त चौकटीचं आणि कामाचं वजन. रॅम खाली ढकलतो तेवढाच वरचा बीम वर रेटला जातो, दोन्ही उभे चॅनेल ताणले जातात, टेबल वाकू पाहतं आणि टेबलाचा सगळा भार दोन पिनांवर येतो. चौकटीच्या आतच हा जोर फिरत असतो, त्यातला जो दुवा कच्चा असेल तिथून तो बाहेर पडतो. जालन्यात सळईचा तुकडा कुठेही हाताला लागतो, त्यामुळे हरवलेल्या पिनेच्या जागी सळई सरकवून काम उरकण्याचा मोह इथे इतर गावांपेक्षा जास्त. सळई सिमेंटमध्ये घट्ट धरून राहावी म्हणून तिच्यावर कंगोरे असतात. भोकात ती सैल बसते आणि सगळा भार त्या दोन-चार कंगोऱ्यांवर घेते. पीन लेथवर उतरवलेली, गुळगुळीत, भोकाच्या मापाची आणि प्रेस बनवणाऱ्याने सांगितलेल्या पोलादाचीच हवी. ती पुढून मागे पूर्ण आरपार गेली आहे का, हे चौकटीच्या मागे जाऊन बघायला हवं. टेबल खालीवर करायला दोर किंवा साखळी असते. ती फक्त टेबल उचलण्यापुरती. दोरावर लोंबणाऱ्या टेबलावर काम ठेवायचं नाही.

गावातच वेल्डिंग करून बनवलेल्या चौकटी बऱ्याच असतात. त्या वाईटच असतात असं मी म्हणणार नाही; काहींचं काम देखणं असतं. पण ५० टनांचा जॅक स्वस्तात मिळाला म्हणून तो २० टनांच्या चौकटीत बसवला, तर ती चौकट ५० टनांची होत नाही. बीमच्या जोडाशी रंगाला बारीक तडा दिसला, टेबलाच्या चॅनेलला पोट आलं किंवा पिनेचं भोक लांबट झालं, की प्रेस बंद ठेवायची. आणि तिला जमिनीला बोल्टने आवळायलाच हवं. कामाचा जोर जमिनीवर येत नसला, तरी ट्रकचा जड शाफ्ट एका बाजूने लटकला की उंच चौकट कलंडते.

ही हायड्रॉलिक प्रेस जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये १७९५ साली पेटंट केली. त्यातलं अवघड काम होतं दाब वाढेल तसं रॅमच्या कडेने पाणी (तेव्हा तेलाच्या जागी पाणी असे) निसटू न देण्याचं. दाबानेच फुलून घट्ट बसणारी चामड्याची वाटी हा त्यावरचा उपाय होता, आणि त्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलीला दिलं जातं. आजचं रबरी ऑइल सील त्याच कल्पनेवर चालतं. अर्ध्या शतकाने वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पूल बांधताना लोखंडाच्या प्रचंड पोकळ नळ्या अशाच प्रेसने वर चढवल्या जात होत्या. रॉबर्ट स्टीफन्सनचा हुकूम होता की नळी जशी वर जाईल तशी तिच्याखालची जागा लगेच भरत न्यायची. ऑगस्ट १८४९ मध्ये उचलत असतानाच प्रेसच्या सिलिंडरचा तळ फुटून खाली कोसळला. एक कामगार गेला. नळी मात्र काही इंचच खाली आली, कारण खाली भराव तयार होता.

जॅकवर चढवलेल्या ट्रॉलीखाली लाकडी ठोकळे सरकवणारा जालन्याचा मिस्त्री तोच हुकूम पाळत असतो. तेल भार उचलतं, पण भार धरून ठेवायचं काम तेलावर सोपवायचं नाही. एखादं सील केव्हा दगा देईल हे बाहेरून दिसत नाही.

आता खुद्द कामाची मांडणी. प्रेसवरचं नव्वद टक्के कौशल्य हँडलला हात लावण्याआधी संपलेलं असतं, असं माझं मत आहे. पहिला प्रश्न एकच: रॅमपासून टेबलापर्यंत जोर कोणत्या वाटेने जाणार? ती वाट सरळ, उभी आणि मध्यावर हवी. शाफ्टवरून बेअरिंग काढायचं असेल तर टेबलावरचे ठोकळे शाफ्टच्या शक्य तितके जवळ आणून आतल्या रेसखाली, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कड्याखाली, टेकवायचे. आधार लांब राहिला तर बाहेरची रेस दाबली जाते आणि सगळा भार छर्ऱ्यांतून जातो. बसवतानाही तेच. शाफ्टवर बसवायचं तर आतली रेस दाबायची, हाउसिंगमध्ये बसवायचं तर बाहेरची. छर्ऱ्यांतून जोर गेला की रेसवर बारीक खळगे पडतात. नवं कोरं बेअरिंग त्या क्षणीच निकामी झालेलं असतं आणि गिऱ्हाइकाला ते महिनाभराने आवाजावरून कळतं.

दाबायला मध्ये काय ठेवायचं, हा दुसरा प्रश्न. हाताशी असते ती पान्याची गोटी. ती कडक केलेल्या पोलादाची असते. दाबाखाली ती वाकत नाही, फुटते. हातोड्याचं डोकं, जुनी रेस, फाइलचा तुकडा, सगळ्यांचं तसंच. त्याऐवजी साध्या नरम लोखंडाचे बुश लेथवर वेगवेगळ्या मापांत उतरवून एका डब्यात ठेवले, तर वर्षानुवर्षं पुरतात. शेजारी लेथ असलेल्या दुकानाला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. दाबायचा दांडा आखूड आणि जाड हवा. लांब आणि बारीक दांडा आधी थोडा वाकतो, मग एकदम निसटतो. दोन-तीन तुकडे एकावर एक रचून उंची गाठण्यापेक्षा पिना काढून टेबलच वर घ्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि कंटाळाही येतो, तरी घ्यावं.

मग रॅम कामाला नुसता टेकेपर्यंत उतरवायचा आणि थांबायचं. समोरून बघायचं, एका बाजूने बघायचं. गुण्या लावता आला तर लावायचा. काम तिरकं दिसलं तर दाब सोडून नीट बसवायचं. दाबाखाली असताना हातोडीने टकटक करून सरळ करायला जायचं नाही. हात बाहेर काढायचा आणि पुन्हा आत घालायचा नाही. जॉब मांडणारा एक आणि हँडल मारणारा दुसरा असेल, तर मांडणाऱ्याच्या तोंडून ‘मार’ आल्याशिवाय हँडल हलता कामा नये. शक्यतो एकाच माणसाने दोन्ही करावं.

हँडल जड झालं आणि गेज चढतंय, तरी काम हलत नाही. मिस्त्रीची खरी कसोटी इथे लागते. हँडलवर पाइप चढवून लांबी वाढवणं हा वाईट मार्ग, कारण त्याने तरफेचं गणितच बदलतं आणि पंपाचे भाग मापाबाहेर ताणले जातात. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळणं त्याहून वाईट. काम हलत नाही याला काही कारण असतं: लॉक आत राहिलेलं असतं, गंज धरलेला असतो, नाहीतर आपण उलट्या बाजूने दाबत असतो. दाब सोडावा, काम बाहेर काढावं, बघावं. गरम करायचं तर हाउसिंग गरम करावं. नवं बेअरिंग शाफ्टवर चढत नसेल तर ते तेलात किंवा इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवलं की बहुतेक वेळा हातानेच बसतं. त्याला गॅसची ज्योत मात्र कधीच लावायची नाही.

अडकलेलं काम सुटतं तेव्हा ‘टक्’ असा जोरकस आवाज येतो. तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून हायड्रॉलिकमध्ये धोका कमी असा एक समज आहे. पण चौकट ताणली जाते, टेबल वाकतं, जॉबही थोडा दबतो. २० टनांवर हे सगळं मिळून ५ मिलिमीटर झालं असं धरलं, तर त्यात साठलेली ऊर्जा पाच किलोचा घन तीन मजल्यांवरून पडावा इतकी होते. काम सरळ सुटलं तर ती चौकटीतच जिरते. रेस फुटली तर तिच्या तुकड्यांना मिळते. बीडाचे भाग, म्हणजे पुली, हब, हाउसिंग, वाकण्याची सूचना देत नाहीत. एकदम दोन तुकडे होतात. म्हणून समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, डोळ्यांवर चष्मा हवा आणि कामासमोर जाड पॉलिकार्बोनेटचा पत्रा. साधं अ‍ॅक्रिलिक दिसायला तसंच असतं, पण फुटून धारदार तुकडे होतात. सुटलेला शाफ्ट खाली पायावर पडू नये म्हणून टेबलाखाली वाळूची पेटी ठेवावी.

काही वस्तू प्रेसखाली ठेवायच्याच नाहीत. शॉकअब्सॉर्बर आणि गॅसचे स्ट्रट बंद डबे असतात, त्यांच्या आत दाब असतो. सस्पेन्शनची स्प्रिंग पिंजऱ्याशिवाय दाबली तर ती कुठल्या बाजूने उडेल याचा नेम नाही.

१९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ने यंत्रांच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला. पण विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले तरच ती कारखाना ठरत होती, आणि २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा २० केला. दोन मिस्त्री आणि एक शिकाऊ पोरगा असं दुकान या चौकटीत बसतच नाही. तिथे निरीक्षक उस्तादच. शिकणारा मुलगा त्याच्या तोंडच्या सूचना थोड्याच ऐकतो, हात मात्र रोज बघतो. उस्तादाने एकदा जरी घाईत गोटी ठेवून बुश काढला, तर पोरगा वर्षभर गोटीच ठेवील. माझ्या मते शिकाऊ मुलाला आधी ठोकळे मांडायला, पिना तपासायला आणि बुश उतरवायला द्यावं. हँडल त्यानंतर.

तेलाबद्दल एक गोष्ट. प्रेसमध्ये हायड्रॉलिक तेलच घालायचं. ब्रेक ऑइलने सील फुगून खराब होतात. रॅम स्पंजासारखा दबतोय असं वाटलं तर आत हवा आहे. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून, भार नसताना पंप मारून ती काढायची. होजवर ओल दिसली तर बोट फिरवून गळती शोधायची नाही. दाब सोडून होज बदलायचा, आणि शोधायचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून या दाबाने येणारं तेल कातडीतून आत जातं. बाहेर एवढासा ठिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, माणूस फडक्याने पुसून कामाला लागतो. आत ते तेल स्नायूंच्या पडद्यांमधून पसरत असतं आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. हळद लावून, पट्टी बांधून रात्र काढायची ही जखम नाही. त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं, शस्त्रक्रियेची सोय तिथे नसेल तर ६० किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला निघायचं. डॉक्टरांना ‘टोचलं’ असं सांगायचं नाही. प्रेसचं तेल दाबाने आत गेलंय, कोणतं तेल, किती वाजता, हे तिन्ही सांगायचं, आणि तेलाचा डबा सोबत न्यायचा.