पाटी म्हणजे कुलूप नव्हे

तलमडुगु आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेलंगणात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत याच जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तलमडुगुचा भाग आंध्र प्रदेशात गेला. कचेरीचे कागद तेलुगूत आणि घरातलं बोलणं मराठीत, अशी कुटुंबं या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना मराठी वाचायचं तर आता मोबाइल हाच मोठा आधार. कापसाचा भाव असो की यवतमाळ-नांदेडची बातमी, आता थेट चॅटबॉटलाच विचारली जाते आणि तो मराठीत उत्तरही देतो. ही मराठी तो मुख्यतः मराठी संकेतस्थळांवरून शिकला. संकेतस्थळांवरून मजकूर गोळा करून नेणाऱ्या प्रोग्रॅमना क्रॉलर म्हणतात. गेल्या दोन-तीन वर्षांत जगभरच्या संकेतस्थळांनी एआय कंपन्यांच्या क्रॉलरना मज्जाव सुरू केला आहे. त्यावरून जो वाद चालू आहे, त्यात संकेतस्थळवाले आणि एआयवाले अशा दोन्ही बाजूंनी अर्धवट माहितीवर ठाम मतं मांडली जातात.

गैरसमज : ‘रोबोट्स’ फाइलमध्ये नाव टाकलं की एआय आत येऊच शकत नाही.

येऊ शकतं. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची छोटी फाइल असते. कोणत्या क्रॉलरने कुठे जाऊ नये, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. १९९४मध्ये मार्टिन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली, तेव्हा तो सभ्य माणसांमधला करार होता. २०२२मध्ये ती आरएफसी ९३०९ या नावाने अधिकृत मानकांत आली. पण त्याच मानकात स्पष्ट म्हटलं आहे की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी देणारी किंवा नाकारणारी यंत्रणा नव्हे. शेताच्या बांधावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार. पाटी वाचून मागे फिरणारा फिरतो, न फिरणाऱ्याला ती अडवत नाही.

खरं अडवायचं तर सर्व्हरवर अडवावं लागतं. संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ जुलै २०२५पासून आपल्याकडे नव्याने येणाऱ्या संकेतस्थळांसाठी एआय क्रॉलर मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, आणि पैसे मोजणाऱ्याला आत सोडायची ‘पे पर क्रॉल’ ही सोयही आणली. पुढच्याच महिन्यात तिने पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीवर आरोप केला की अडवल्यावर ही कंपनी साधा ब्राउझर असल्याचं सोंग घेऊन आत शिरते. पर्प्लेक्सिटीने तो फेटाळला. वापरणाऱ्याने प्रश्न विचारला म्हणून त्याच्या वतीने पान उघडणं आणि घाऊक मजकूर गोळा करणं यांत क्लाउडफ्लेअरने गल्लत केली, असं तिचं म्हणणं. मला हा बचाव पूर्ण पटत नाही, पण त्यातला प्रश्न खरा आहे. माणसाने सांगितलं म्हणून पान उघडणाऱ्या प्रोग्रॅमला माणूस म्हणायचं की यंत्र?

गैरसमज : ही पाटी ओलांडणं म्हणजे हॅकिंगच.

इतकं सरळ नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणं आणि त्यातली माहिती उतरवून किंवा काढून घेणं, दोन्ही येतात. त्यावर भरपाई मागता येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागू होतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण जे पान जगाला लॉगिनशिवाय दिसतं, ते बघायला ‘परवानगी’ नव्हती असं म्हणता येईल का, इथेच खरी अडचण आहे.

सीमेपलीकडच्या नातेवाइकाचा सातबारा तलमडुगुत बसून महाराष्ट्र सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर पाहताना कॅप्चा भरावा लागतो, तो मात्र पाटी नसून कुलूप आहे. पैसे भरून उघडणारं ई-दैनिक किंवा पासवर्डमागचं पान, हेही कुलूपच. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ अशी तांत्रिक कुलपं हक्कभंगाच्या हेतूने तोडणं हा गुन्हा ठरवतं. पाटी आणि कुलूप यांतला हा फरक ‘अनधिकृत प्रवेश’ हा शब्द सरसकट वापरणारे दोन्ही पक्ष विसरतात.

अमेरिकेतही निकाल एकसुरी नाहीत. लिंक्डइनची उघडी पानं गोळा करणाऱ्या हायक्यू या कंपनीच्या खटल्यात २०२२च्या एप्रिलमध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटलं की सर्वांना दिसणारी पानं गोळा करणं हा हॅकिंगविरोधी कायद्याचा भंग बहुधा ठरणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने हायक्यूने लिंक्डइनचा वापरकरार मोडल्याचं ठरवलं. म्हणजे फौजदारी कायद्यातून सुटलेला माणूस करारात अडकू शकतो.

गैरसमज : उघड्यावर ठेवलेलं ते सगळ्यांचं.

आजचा कापसाचा भाव कोणाच्या मालकीचा नाही, त्या भावावर बातमीदाराने लिहिलेला लेख मात्र मालकीचा आहे. कल्पना आणि वस्तुस्थिती यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यातच सांगून ठेवलं आहे. मग एआयला शिकवण्यासाठी त्या मांडणीची प्रत करून ठेवणं चालतं का? भारतीय कायद्यात यासाठी वेगळी सूट नाही. हाच प्रश्न नोव्हेंबर २०२४पासून दिल्ली उच्च न्यायालयासमोर एएनआय ही वृत्तसंस्था विरुद्ध ओपनएआय ही एआय कंपनी या खटल्यात आहे. ओपनएआयने तिथे सांगितलं की ऑक्टोबरपासूनच एएनआयचं संकेतस्थळ आपण वगळलं आहे. पण वृत्तसंस्थेची बातमी तिच्या एकट्याच्या पत्त्यावर राहतेच कुठे? ती वर्गणीदार दैनिकांच्या शेकडो पानांवर छापली जाते. एक दार बंद झालं तरी मजकूर दुसऱ्या दाराने जातोच. पुढे या खटल्यात डिजिटल वृत्तप्रकाशकांची संघटना डीएनपीए हस्तक्षेपासाठी उतरली. आदिलाबादेत वाचलं जाणारं ईनाडू आणि लोकसत्ता ज्या समूहाचं आहे तो इंडियन एक्सप्रेस, दोन्ही या संघटनेत आहेत.

डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एक मसुदा मांडला : कायदेशीरपणे मिळवलेला मजकूर एआय कंपन्यांनी शिकवण्यासाठी खुशाल वापरावा, मोबदला मात्र द्यावा; लेखक-प्रकाशकांना नकार देता येणार नाही. माहिती तंत्रज्ञान उद्योगाची संघटना नॅसकॉमने त्याला विरोध नोंदवला. हा प्रस्ताव कायदा झाला तर पाटी लावायचा हक्कच उरणार नाही, हिशेब तेवढा मागता येईल. प्रत्येक मराठी पाक्षिकाला त्या हिशेबात किती वाटा पोचेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

गैरसमज : क्रॉलर वाचून गेला तर मालकाचं काय जातं?

बिल वाढतं. विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५मध्ये जाहीर केलं की जानेवारी २०२४पासून चित्रं-चलचित्रं उतरवण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला. आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीतली ६५ टक्के बॉटची, म्हणजे क्रॉलरसारख्या प्रोग्रॅमची, आहे, जरी पानं पाहण्यात त्यांचा वाटा ३५ टक्केच आहे. मराठी विकिपीडिया याच सर्व्हरवर चालतो. स्वस्त होस्टिंगवरचं एखादं मराठी नियतकालिक अशा धाडीत थेट बंद पडू शकतं.

गैरसमज : एआयला बंदी केली की गूगलमधून नाव जातं.

याच भीतीने अनेक जण काहीच करत नाहीत. एआयला शिकवण्यासाठी गूगलने रोबोट्स फाइलमध्ये ठेवलेल्या ‘गूगल-एक्स्टेंडेड’ या नावाला नकार दिल्याने गूगल शोधातलं स्थान जात नाही. मात्र शोधाच्या वर दिसणारा एआय सारांश नेहमीच्या गूगलबॉटवर चालतो, तो या नकाराने थांबत नाही. ओपनएआयचा जीपीटीबॉट शिकवण्यासाठी मजकूर नेतो, शोधासाठीचा बॉट वेगळा आहे. एकाला नाही, दुसऱ्याला हो, असं म्हणता येतं. आधीच नेलेला मजकूर मात्र कोणत्याही पाटीने परत येत नाही.

सरसकट बंदीची दुसरीही बाजू आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेला महाकॉर्पस हा २ कोटी ४८ लाख वाक्यांचा मराठी संग्रह वेगवेगळ्या संकेतस्थळांवरूनच गोळा केलेला आहे. मराठी भाषातंत्रज्ञानावर काम करणाऱ्यांना असा साठा लागतोच. चांगल्या मराठी पानांनी सगळ्यांनाच दारं लावली तर यंत्र यांत्रिक भाषांतरावर आणि चोरलेल्या बातम्यांच्या पानांवर मराठी शिकेल, आणि ती मराठी तलमडुगुच्या वाचकाच्या माथी येईल. म्हणून भाषेच्या नावाखाली अब्जावधींच्या कंपन्यांना सगळं फुकट द्या, असं मी म्हणणार नाही. संशोधक विद्यार्थी आणि कंपनी यांना एकच उत्तर देण्याची गरज नाही.

तुम्ही मराठी संकेतस्थळ चालवत असाल तर आजच त्याच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोबोट्स फाइलचं नाव टाका आणि ती उघडून पाहा. कोणाला हो, कोणाला नाही, हे प्रत्येक क्रॉलरच्या नावानिशी लिहा, आणि जे खरंच राखायचं आहे ते पासवर्डमागे ठेवा.